माणशी किलो

"तीन किलो सांगितली होती, अव्वा. तीन!"

"आणि मी चार आणली. जेलात घाल मला."

"विमानात वजन बघतात. माणशी ठरवून दिलेलं असतंय. जास्त झालं की सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात."

"माणशीच न्हवं? मग माझ्या वाट्याचं वजन कुठं गेलं? मी काय वाऱ्यावर तरंगत येणार हाय दुबईला?"

शशिधरनं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. कोल्हापूरच्या शनिवार पेठेतल्या त्या गच्चीवर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरलेल्या, संकेश्वरी एकीकडं, ब्याडगी एकीकडं, आणि मधे फतकल मारून त्याची आई शिवम्मा देठं मोडत होती. दोरीवरचे कपडे काढता काढता सून सुष्मिता थांबली. पाठ इकडं होती, पण कान इकडंच होते.

तीन की चार, हे भांडण बघणाऱ्याला पोरकट वाटलं असतं. शिवम्माला ते पोरकट वाटत नव्हतं, कारण तिची अर्धी हयात याच प्रश्नात गेली होती.

नवरा बसाप्पा एका कापडदुकानात थान उलगडून दाखवायचा. शशिधर नववीत असताना तो उभ्याउभ्या गेला, गिऱ्हाइकासमोर, हातात खण धरून. गिऱ्हाईक तेवढ्यात शेजारच्या दुकानात शिरलं. त्यानंतर शिवम्मानं उन्हाळा धरला. घरोघरी जाऊन चटणी करून द्यायची. खोबरं, तीळ भाजायचे, मसाला तळायचा, कांडपावर उभं राहून मिरची कुटून आणायची, कांदा-लसूण कालवून बरण्या भरून द्यायच्या. उन्हाळा सरला की पापड, शेवया, पडेल ते. पोरगं शिकलं ते त्या मिरचीच्या खकाण्यावर.

चटणी वर्षाची असते. म्हणून मिरची घ्यायच्या आधी ती घरातल्या बाईला एकच विचारायची, "वरीसभर पानावर किती?" माणशी किलो, पोराबाळांसकट. लग्न ठरलेली पोरगी धरायची नाही, येणारी सून धरायची. लोक तोंडानं काय वाट्टेल ते बोलतील, मिरची घेताना खोटं बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. एका बंगल्यात सासरा दवाखान्यात होता, आणि सगळं घर "दादा येतील, बरे होऊन येतील" असं म्हणत होतं. शिवम्मानं चार बायकांत विचारलं, "मग सासऱ्याची किलो धरू का नको?" त्या घरची सून मान खाली घालून म्हणाली, "नको." शिवम्मा ते गल्लीभर हसत सांगत सुटली. तिची जीभच तसली. सुष्मिता गडहिंग्लजहून नवी लग्न होऊन आली, हौसेनं चटणी केली, तर शिवम्मा पाहुण्यांसमोर बोट चाटून म्हणाली, "तुझ्या बापाकडं ही जनावरांना घालतात काय गं?" त्या दिवसापासून सुष्मितानं मिरचीला हात लावला नाही. ते वाक्यही विसरली नाही.

शशिधर पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. पगार बरा होता. पण टॅक्स कापून पगार जमा झाला की त्या दिवशी घरात कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. "एवढं भरतोय, आणि दारातला खड्डा तो खड्डाच!" दुबईत पगारावर टॅक्स नाही. कंपनीचं तिथं ऑफिस होतं, त्यानं बदली मागून घेतली. मग रोज जेवताना एक खेळच सुरू झाला. लॅपटॉप उघडायचा आणि कोल्हापूर आणि दुबई शेजारी शेजारी मांडायचे. घरभाडं, त्याच्या पोरीची शाळा, दूध, केस कापणं.

शिवम्मा त्या खेळात रंगली.

"दूध कसलं रे तिथं? म्हशीचं?"

"बाटलीतलं, अव्वा."

"मग माझं धरू नको. मी नुसतं पाणी पितो."

अशी ती रोज स्वतःला थोडी थोडी कापत गेली. पोरीला सांभाळायला बाई कशाला, मी हाय की. भाकरी मी करतो. दुपारचा चहा सोडला. साखरेची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागली. घरभाड्याचा आकडा ऐकला त्या दिवसापासून वाकळ घेऊन स्वयंपाकघरात झोपायला लागली, म्हणजे पोराला दिसावं, की हिला वेगळी खोली लागत नाही. पोराला दिसत होतं.

मग त्यानं सांगितलं, मिरची तीन किलो आण. शिवम्मानं आणली आणि कांडपावर नंबर लावायला गेली. तिथं बनाबाई होती. जन्मभर दोघींनी एकाच खकाण्यात ठसके खाल्लेले. बनाबाईनं पिशवी उचलून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तीनच? शिवम्मा, तुला गाळली व्हय गं?"

बायका फिदीफिदी हसल्या. शिवम्मा पण हसली. आणि तशीच उन्हातनं लक्ष्मीपुरीत जाऊन चौथी किलो घेऊन आली.

आता ती म्हणाली, "शशी, वर बघ. चौथं माणूस धरलंयस का न्हाईस?"

"अव्वा, आत्ता नको."

"आत्ताच."

"सांगून टाका की हो एकदाचं," सुष्मिता पाठमोरीच म्हणाली. "किती दिवस मी तोंड शिवून बसू?"

शशिधरनं दातओठ खाल्ले आणि लॅपटॉप आईकडं फिरवला. "बघ मग. तूच बघ. हा इथला खर्च, टॅक्स धरून. हा तिथला. तीन माणसं घातलीत. खाली हिरवं दिसतंय ते वर्षाचं शिल्लक. आता चार करतो." त्यानं बोट दाबलं. "तुझा व्हिसा. तुझा विमा, त्यात तुला शुगर. आईला न्यायचं म्हटलं की घर मोठं दाखवावं लागतंय, तू स्वयंपाकघरात झोप न्हाईतर दारात झोप! झालं? गेलं सगळं. तुला धरलं की कोल्हापूर स्वस्त, तुला वगळलं की दुबई स्वस्त. मी काय करू?"

खालचा आकडा लाल झाला होता. शिवम्मा त्याच्याकडं बघत राहिली.

"हा लाल म्हंजे मी व्हय?"

"तसं न्हाई गं..."

"परत तीन कर बघू."

त्यानं केलं. हिरवा.

"आता चार."

"खेळ हाय काय अव्वा?"

"माझ्यापायी रंग बदलतोय, मला बघू तर दे."

तिनं दोनदा बघितलं. डोळे भरले होते, पण पुसता येईनात. हाताला मिरची होती.

"मग मी कुठं ऱ्हायचं?"

"नृसिंहवाडीला एक आश्रम बघितलाय. घाटाजवळ. बोललोय मी त्यांच्याशी. रोज दत्ताचं दर्शन होईल."

"गळ्यात लिंग बांधलेली बाई मी. मला दत्ताची लालूच दाखवतोस?"

"शांत असतंय तिथं."

"मसणात बी असतंय."

सुष्मिता कपड्यांचा ढीग काखेत मारून जवळ आली. आवाज अगदी मऊ. "जेवण तेवढं अळणी असतंय तिथं, अत्ती. सगळ्यांना एकच भाजी. तिखट बंद. तुम्हाला सवय करून घ्यावी लागेल." मग मिरच्यांकडं बघून म्हणाली, "पण जायच्या आधी आमची तीन किलो तेवढी करून द्या. तिथं अशी मिळत न्हाई."

शिवम्मानं मान वर करून सुनेकडं बघितलं. शिवी ओठावर आली होती. तिनं ती गिळली, आणि पोराकडं वळली.

"शशी, यात एक ऱ्हायलंय बघ."

"काय?"

"माझ्या मातीला यायचं तिकीट धरलंयस काय रे?"

सुष्मिताच्या हातातला एक टॉवेल घसरून मिरच्यांवर पडला. कुणी उचलला नाही.

"धरलं नसशील तर आत्ता धर," शिवम्मा म्हणाली. "न्हाईतर मागनं लाल व्हायचं."

शशिधरनं लॅपटॉप मिटला. उठला, चपला पायात सरकवल्या, आणि मिरच्यांवर पाय पडणार नाही असं जपत, कडेकडेनं जाऊन जिना उतरला.