वामनने आणलेला वस्तऱ्याचा दगड

पालघरच्या वामन न्हाव्याने जगात विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या हातावर. दुधात बोट बुडवून बघायचा, देवळातला प्रसादही तोंडात टाकण्याआधी हुंगायचा. त्याची बायको रखमा म्हणे, "अवो, देवाघरचा हाय त्यो."

"देवाघरचा हाय, पन वाटतो कोन?" वामन म्हणे.

अशा माणसाचा बापाच्या वेळचा धारेचा दगड घासून घासून मध्ये होडीसारखा खोलगट झाला. वस्तऱ्याचं पातं त्यावर सपाट बसेना. गिऱ्हाइकं गाल चोळत "आज ओढतोय रे" म्हणू लागली. तेही चाललं असतं. पण माघातल्या बुधवारी नवापूरच्या जमनाबाईच्या नातवाचं जावळ होतं. सुनेची कूस सहा वर्षांनी उजवली होती. जमनाबाई मासळीची पाटी घेऊन पालघरला आली की वामनच्या ओट्याशी थांबून बजावून जाई, "पोराच्या डोक्यावर रगताचा थेंब दिसला, तर आमच्या घरची पायरी इसर."

नवापूरच्या कोळ्यांची डोकी वामनच्या बापापासून याच घराकडे. आणि तारापूरला वीजघराचं बांधकाम लागल्यापासून बोईसरात मोठ्या आरशांची दोन दुकानं थाटलेली. लोकांना जायला जागा तयारच होती.

सोमवारी वामन बोईसरला गेला. स्टेशनाबाहेर एक परमुलखातला माणूस गोणपाटावर दगड मांडून बसे. कोयत्यांसाठी खरखरीत, सुऱ्यांसाठी मध्यम, आणि फडक्यात गुंडाळलेले तीन अगदी बारीक कणांचे, खास वस्तऱ्यांसाठी. फडक्यात कशाला गुंडाळले, हा वामनचा पहिला संशय. त्याने एकेक दगड नखावर घासला, बोटाने वाजवून कानाशी नेला. एकाचा आवाज बद्द, म्हणजे आत चीर. दुसऱ्याचा एक कण नखाला टोचला. तिसरा राखाडी, लोण्यासारखा. इतका चांगला कसा? वरून काही चोपडलं तर नसेल? वामनने तो कडेला चाटून पाहिला.

दगडवाला हसला. "खाओ मत, काका. इस पे सिर्फ पानी डालना, तेल कभी नहीं."

तिथेच माशी शिंकली. बापाच्या दगडाने चाळीस वर्षं खोबरेल प्यायलेलं. पाण्याने दगड लवकर झिजावा आणि वामनने पुन्हा याच्याच गोणपाटापुढे यावं, असा हा डाव. वामनने तो मनातल्या मनात ओळखला आणि दगड घेऊन घरी आला.

मंगळवारी सकाळी रखमाने दगडाच्या कडेला हळदकुंकू लावलं. वामनने मधोमध खोबरेल ओतलं आणि वस्तरा फिरवू लागला. घटकाभर फिरवला. मग दंडावर लावून बघितला, तर केस नुसते वाकले आणि पुन्हा उभे राहिले.

"फसवलं मला त्यानं," वामन म्हणाला. "नायतर तुजी हळद. हळदीत काय काय मिसळत्यात आजकाल."

"हळद मी कडंला लावली. मदी तेल तुमी ओतलंत." रखमा वाती वळत होती, तिने मान वर केली नाही. "त्यानं काय सांगितलेलं?"

वामनने नाइलाजाने सांगितलं.

"मग ऐकायचं त्याचं."

"ऐकलं म्हंजे फसलो."

"मग आता काय झालंय?"

दगड त्या माणसाच्या अंगावर टाकून यायचं म्हणून वामन उठला, तोच जमनाबाई पाटी उतरवून ओट्यावर टेकली. तिने त्याच्या हातातला दगड ओढून घेतला नि नाकाशी धरला.

"खोबरेल? वामनदादा, ह्याला काय केस हायत?"

तिने नखाने दगड खरवडला. थंडीने गोठलेलं तेल पांढरं होऊन नखात आलं.

"बापाचा दगड भरड व्हता, तेल जिरायचं. ह्यात कुटं जिरनार? साय धरलीय वर, नि तुजं पातं सायीवर घसरतंय. आमी सुऱ्या पान्यावरच घासतो." पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली, "उद्या येतोस, का बोईसरला निरोप धाडू?"

"येतो," वामन म्हणाला.

रखमाने कढत पाणी आणि चाळलेली राख घेऊन दगड तीनदा धुतला. तिन्ही वेळा वामनने हुंगून पाहिला. मग पाणी शिंपडून हलक्या हाताने वस्तरा फिरवला. दंडावर धरला, तर केस स्पर्शालाच उतरले. एवढ्याने त्याचं समाधान होईना. त्याने दुसऱ्या दंडावरही धरून बघितला.

बुधवारी नवापूरला पोर मामाच्या मांडीवर आईचं बोट चोखत बसलं होतं. वस्तरा फिरत होता आणि जमनाबाई पापणी न हलवता त्या पात्याकडे बघत होती. शेवटचा केस आत्याच्या पदरात पडला. जमनाबाईने नातवाच्या डोक्यावरून तळवा फिरवला, उन्हात धरला, उलटासुलटा करून पाहिला. कोरडा होता. तिने वामनपुढे नारळ ठेवला आणि ती म्हणाली, "पुढल्या साली धाकटीच्या पोराचं हाय."

परतताना बोईसर स्टेशनाबाहेर दगडवाल्याने हटकलं, "क्यों काका, पानी ही डाला ना?"

"डाला," वामन म्हणाला. आणि कधीपासून, हे त्याने विचारू नये म्हणून झपाझप चालू लागला.