अर्जदार कावळा

आपल्या प्रत्येक वाक्याखाली सही करणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच उरला आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. चाळीस वर्षं हे मामा खालापूरला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आले. रेशनकार्डात नाव चढवायचं आहे, सातबाऱ्यावर वारस लावायचा आहे, पेन्शन अडली आहे, शेजाऱ्याने बांध कोरला आहे, की लोक मामांच्या टेबलासमोर येऊन उकिडवे बसणार. दहिवलीच्या घरून सकाळी डबा घेऊन निघालेला हा माणूस पहिल्या अर्जदाराच्या आधी टेबलावर हजर असतो. एवढ्या वर्षांत त्यांचं एकच तत्त्वज्ञान तयार झालं. माणसाने सरकारला, देवाला किंवा बायकोला काय वाटेल ते सुनवावं, पण खाली संपूर्ण नाव, वय, धंदा आणि राहणार कुठले हे लिहिल्याशिवाय सुनवू नये. मामी सांगतात, "लग्नाआधी यांनी मला एकच पत्र पाठवलं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यातला एक माझाच भाऊ होता!"

अशा माणसाला त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी आम्ही स्मार्टफोन दिला. ही कल्पना कोणाची, यावर घरात अजूनही वाद आहेत आणि मी त्यात पडत नाही, कारण ती माझी होती. आमच्या भागातल्या लोकांचा फेसबुकवर एक मोठा ग्रुप आहे. हरवलेल्या शेळीपासून देशाच्या परराष्ट्र धोरणापर्यंत कोणताही विषय तिथे वर्ज्य नाही. मामांना मी त्यात घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना कळलं की आपल्यात एक जबाबदार नागरिक शिरला आहे. कोणाला मुलगा झाला तर मामा लिहीत, "अभिनंदन," आणि खाली संपूर्ण नाव, वय ७०, धंदा अर्जलेखन, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. कोणी गेलं तर "भावपूर्ण श्रद्धांजली," आणि खाली पुन्हा तेच. कोणीतरी एकदा रानभाजीचा फोटो टाकून हे काय आहे असं विचारलं. मामांनी लिहिलं, "सदर भाजी शेवळे असून, ती काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवल्यास घशास खाज सुटते. या विधानाची जबाबदारी माझी आहे." खाली नाव, गाव आणि मोबाईल नंबर. पुढचे चार दिवस बायका फोन करून मामांना मसाला विचारत होत्या, आणि मामा प्रत्येकीला आधी तिचं संपूर्ण नाव विचारत होते.

आता त्या ग्रुपवर नाव लावणारे किती? मामांनी एका रविवारी बसून यादी केली आणि संध्याकाळी माझ्यासमोर आदळली. "वाचा, जावईबापू! हा कोण तर 'सह्याद्रीचा छावा'. ही कोण तर 'स्वप्नपरी'. हा 'वाघ नंबर एक'. खालापूर तालुक्यात वाघ आहेत का? वनखात्याला माहीत आहे का? अहो, ही माणसं आहेत की सर्कस? तोंडावर फडकं बांधून घरात कोण शिरतं, मला सांगा!" त्या वाघाने मामांना "म्हाताऱ्या गप बस" असं लिहिलं होतं. मामांनी त्याला उत्तर दिलं, "आपण मला म्हातारा म्हणता ते खरे आहे. माझे वय खाली दिलेच आहे. आपलेही कळवावे, म्हणजे गप्प कोणी बसावे हे ठरवता येईल." वाघ पुन्हा फिरकला नाही. मामांच्या संतापात मीही जोराने मान डोलावली. माझं स्वतःचंही तिथे वेगळ्या नावाचं एक खातं आहे, पण तो विषय इथे नको.

याच ग्रुपवर पुढच्या वर्षी एका सकाळी 'कळंबचा कावळा' अवतरला. चेहऱ्याच्या जागी विजेच्या तारेवर बसलेला कावळा आणि मजकूर असा:

"मेहेरबान ग्रुपवाले साहेब यांचे सेवेशी, अर्जदार कावळा याजकडून विनंती अर्ज ऐसा जे, कळंब येथील रिसॉर्टच्या मागील बाजूस नाला असून, त्यात दर शनिवारी व रविवारी संडासच्या टाकीचे पाणी सोडले जाते. सदर पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत झिरपते. त्यामुळे लहान मुलांस जुलाब व अंगास खाज असा त्रास होत आहे. सबब, मेहेरबानांनी समक्ष येऊन सदर पाण्याचा वास घ्यावा, ही नम्र विनंती."

अर्ध्या तासात दोन्ही तालुके हसून लोळले. "मामा, ओळखलं बरं का!" "मामा, पत्ता लिहायचा राहिला!" "मामा, कावळ्याचं वय किती, धंदा काय?" पाण्याबद्दल कोणीच बोलेना, मामांबद्दल सगळे बोलू लागले. रिसॉर्टवाल्यांनीही लिहिलं, की ज्याला नाव सांगायची हिंमत नाही त्याच्या आरोपाला आम्ही उत्तर देत नाही. मामांची अवस्था बघवत नव्हती. ते दहिवलीच्या घरात येरझाऱ्या घालत होते आणि मामी शांतपणे वाल सोलत होत्या.

"मी? निनावी? ज्याने आयुष्यात अंगठासुद्धा साक्षीदाराशिवाय उठू दिला नाही, तो मी?"

"पण भाषा तुमचीच आहे हो," मामी म्हणाल्या. "'सबब' बघा, कशी ऐटीत बसलीय."

"तेच तर! चोराने माझी भाषा चोरली! घर लुटलं असतं तर मी काही म्हणालो नसतो!"

आणि त्या संतापाच्या भरात मामांनी ग्रुपवर जाहीर केलं: "सदर कावळा मी नाही. आजपासून आठ दिवसांत सदर इसमाचे खरे नाव व पत्ता मी येथे सर्वांसमक्ष हजर करीन." खाली नाव, वय ७१ आणि बाकीचं सगळं. मामांनी एकदा सही केली की ती पाळतात, हे सर्वांना ठाऊक होतं. रिसॉर्टच्या मॅनेजरने त्याखाली पहिला अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तमाशा बघायला मीही खालापूरला गेलो. मामांच्या टेबलाशेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या भाईंचे वडील अलिबागकडून येऊन इथे स्थायिक झाले आणि भाई मामांचे अर्ज वीस वर्षं झेरॉक्स करताहेत. मामांनी त्यांना दरडावलं, "भाई, माझ्या अर्जांच्या जादा प्रती कोण नेतं?"

"एक बाई हाय," भाई मशीनवरची नजर न काढता म्हणाले. "नवऱ्यामागं तिची पेन्शन तुमीच करून दिलीत. तवापासून येते. कोनाच्याबी अर्जाची खराब निघालेली प्रत असली, की मागून नेते. म्या विचारलं, काय करतेस गं याचं? तर म्हनाली, वाचते. म्या नाव-गाव असलेला तुकडा फाडून टाकतो, बाकी रद्दीच नाय का?"

"करते काय ती?"

"कळंबला रिसॉर्टात चादरी धुते. मंगळवारी सुट्टी असते तिला."

मंगळवार उजाडेपर्यंत मामांनी उलटतपासणीचे अठरा प्रश्न लिहून काढले होते. ती आली. तीस-बत्तीस वर्षांची, हडकुळी, धुणं धुऊन हातांची सालं निघालेली. मामांनी चष्मा चढवला आणि पहिला प्रश्न विचारला, "कावळा कोण?"

"मीच हाय," ती म्हणाली. उरलेले सतरा प्रश्न मामांच्या हातातच राहिले.

"माझी भाषा का वापरलीस?"

"मंग कोनाची वापरू, मामा? आमच्या भाषेत लिवलं तर हसतात. तुमच्या भाषेत लिवलं की कचेरीतला सायेब खुर्चीत नीट बसतो. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

मामा क्षणभर गडबडले. स्तुती कुठल्या दिशेने आली हे त्यांना कळलं नसावं. पण मुद्दा ते सोडणारे नव्हते. "अगं, पण नाव का नाही घातलंस? खरं बोलणाऱ्याला लपायचं काय कारण? नाव नसलेल्या कागदाला किंमत काय?"

आता ती चिडली. आवाज वाढवून म्हणाली, "तुमी नाव लिवता तर तुमाला भाजीचा मसाला इचारायला फोन येतात. म्या नाव लिवलं तर उद्या गेटवरचा मानूस मला आत सोडनार नाय. दोन पोरी हायेत माज्या. आनि त्याच इहिरीचं पानी पितात त्या! नाव नसलं म्हनून वास येयाचा थांबतो का, मामा? जाऊन घ्या की वास!"

तिने पदर खोचला आणि पाठ करून निघाली. चार पावलांवरून वळून म्हणाली, "तुमी आठ दिसांत नाव सांगनार असं लिवलंय. सांगा. तुमचं लिवलेलं खोटं होत नाय, ठाव हाय मला." यात टोमणा किती आणि विश्वास किती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मामांना कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

शनिवारी सकाळी मामा माझ्या दारात छत्री घेऊन उभे. "स्कूटर काढा. कळंबला जायचंय. मजकूर तपासल्याशिवाय मी सही करत नाही." कसली सही, हे न विचारता मी स्कूटर काढली. रिसॉर्टच्या पुढल्या बाजूला गाणी लागली होती आणि तलावात मुंबईचे पाहुणे डुंबत होते. मागच्या बाजूला आम्ही करवंदीच्या जाळ्यांतून ओरखडे खात उतरलो. कुंपणाखालून एक निळा पाईप बाहेर आला होता. मामांनी छत्री माझ्या हातात दिली, धोतराचा सोगा वर धरला, नाल्याकडे वाकले आणि सरकारी पंचनामा करावा तसा लांब श्वास घेतला. पुढची पाच मिनिटं ते एका दगडावर डोकं धरून बसले होते. उठल्यावर एवढंच म्हणाले, "अर्जात 'वास' लिहिलंय. 'दुर्गंधी' लिहायला हवं होतं. बाई सौम्य आहे."

खाली वाडीच्या विहिरीवर एक मुलगी कळशी भरत होती. मामा तिच्याकडे बघत राहिले. तिचं नाव त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी आठवा दिवस. मॅनेजर स्वतः गाडी घेऊन टेबलाशी आला. गोड माणूस. "मामा, तुमच्यासारखी नावानिशी बोलणारी माणसं राहिली कुठे? सांगा नाव. कोणी सांगितलं नाही तर मला धुण्याच्या सहाही बायका काढाव्या लागतील. पाईप फक्त धुण्याच्या जागेवरूनच दिसतो ना."

"नाव ग्रुपवर येईल," मामा म्हणाले. "बसा. वाचूनच जा."

आणि तिथेच बसून, एका बोटाने, पाऊण तास खपून त्यांनी लिहिलं: "सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, कळंबचा कावळा म्हणून लिहिणारा इसम मीच. सदर पाण्याचा वास मी समक्ष घेतला असून ती दुर्गंधी आहे. मागे मी नाकारले, ते भीतीपोटी." खाली संपूर्ण नाव, वय, धंदा, राहणार. साक्षीदार म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात इतक्या आनंदाने खोटी साक्ष दिलेली नाही.

मॅनेजर लालबुंद झाला. "मी तुमच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावीन!"

"अवश्य लावा," मामा म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "बोला, मी लिहून देतो. माझ्याइतकं सुरेख दुसरं कोणी लिहिणार नाही."

दावा आला नाही. पण आता मजकुराखाली नाव होतं, पत्ता होता, फोन होता, त्यामुळे रिसॉर्टला उत्तर देणं भाग पडलं. कचेरीतून माणसं आली, नाल्याकडे वाकली, दगडावर बसली. महिन्याभरात तो निळा पाईप निघाला. सहाही बायका अजून चादरी धुताहेत. हे लिहिण्याआधी मी गावं आणि कामं जराशी इकडची तिकडे केली आहेत, तेव्हा कोणी कळंबला शोधत जाण्याची तसदी घेऊ नये.

मला खरा राग येतो तो बाकीच्यांचा. ज्यांनी कधी एका वाक्याखाली स्वतःचं नाव घातलं नाही, ते सगळे छावे, पऱ्या आणि वाघ मामांवर तुटून पडले. "सापडला!" "मोठा सहीवाला!" "भीतीपोटी म्हणे!" चाळीस वर्षांत मिळवलेलं नाव एका दुपारी गेलं. ते कशासाठी गेलं हे सांगायची सोय नाही, आणि ज्या खात्यावरून मी त्या सगळ्यांना शिव्या दिल्या, त्यालाही नाव नाही.

मामा ग्रुपवर आता काही लिहीत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एकदा खोट्याखाली सही केली की पुढच्या खऱ्याखाली करताना हात अडखळतो, जावईबापू." मामी म्हणतात, त्यांना जेवण कमी जातं. पण टेबल सुटलेलं नाही. गेल्या मंगळवारी मी तिथे बसलो होतो. ती बाई आली होती, धाकटीच्या शाळेच्या दाखल्यासाठी. मामांनी कागद-पेन तिच्याकडे सरकवलं आणि ती लिहीत असताना नुसते बघत राहिले. तेवढ्यात समोरच्या चहावाल्याने रस्त्यापलीकडून साऱ्या बाजारासमोर हाक मारली, "ओ कावळेमामा! चा पाठवू का?" लोक हसले. बाईचं पेन थांबलं आणि तिने मान खाली घातली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे पाहिलं आणि हात वर करून त्या हाकेला ओ दिली. "पाठव रं," ते म्हणाले, "दोन पाठव."