काळ्या पट्ट्याची तोंडी परीक्षा

"घरात तुला कोण घाबरतं?" असं सर विचारायचे आणि मान खाली घालून स्वतःच्या पट्ट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसायचे. समोरच्याला खरं बोलायला तेवढा आडोसा मिळावा म्हणून.

सर मूळचे मंडणगडकडचे. दिवसभर रत्नागिरीत एका कचेरीत कारकून, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमचे कराटेचे सर. लाथ कितीही उंच गेली तरी म्हणायचे, "बरी आहे. घरी कसा वागतोस?" काळ्या पट्ट्याआधी त्यांची एक तोंडी परीक्षा असे. घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला घेऊन जायचं. सर प्रश्न त्यालाच विचारणार.

"सर, मला आमचा कुत्रासुद्धा घाबरतो," एक दांडगट एकदा फुशारकीने म्हणाला.

"मग जा मेल्या, त्याची माफी मागून ये."

तो खरंच गेला, आणि दुसऱ्या दिवशी पोटरीला पट्टी बांधून आला. सर म्हणाले, "अजून माफ केलेलं दिसत नाही."

माझ्या परीक्षेला मी धाकट्या बहिणीला नेलं. ती तेव्हा आठवीत होती. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. अन्याय दिसला की माझं पेन उठायचं. घरात ताट भिरकावताना, तिच्या वह्या फेकताना मात्र मला त्यात अन्याय दिसत नसे.

"बस गो बाय. दादाला घाबरतेस?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

तिला बाहेर पाठवून सर मला म्हणाले, "तुला विचारून उत्तर दिलं रे तिने. पट्टा पुढच्या वर्षी बघू."

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. 'हे सर लहान मुलींना समोर बसवून काय विचारतात, हे पालकांनी एकदा विचारावं.' एकही शब्द खोटा नव्हता. तुम्ही पत्रकं वाचली असतील, तर असं वाक्य काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते व्हॉट्सअॅपवर गावभर फिरलं. महिन्याभरात हॉल रिकामा झाला. सरांनी काय विचारलं होतं, हे मी कुणालाही सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

पुढे सर बाजारात भेटले. मी भांडायच्या तयारीत.

"नेम चांगला आहे रे तुझा," एवढंच म्हणाले आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागले.

ते बदली मागून मंडणगडला गेले. मी पट्टा दुसऱ्या क्लासमधून मिळवला. तिथे फक्त लाथा बघतात. सरांना माफीचं पत्र चार वेळा लिहायला घेतलं. दर वेळी दुसऱ्या परिच्छेदात माझी बाजू सुरू व्हायची.

यंदा सर वारले. बहिणीला ते माझ्या दोन दिवस आधी कळलं होतं. ती आता नोकरी करते, शेजारच्याच खोलीत असते. तिने मला सांगितलं नाही. तिने आईला सांगितलं, आणि "दादाला तूच सांग" म्हणून खोलीचं दार लावून घेतलं.