पहिल्या नंबरचं गाणं

एका वेब-मासिकाच्या संपादकाने मला फोन करून एका गायिकेची सर्वात चांगली दहा गाणी क्रमाने लावून द्यायला सांगितलं. मी पवईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहितो. संगीतावर लिहिणं हा बाजूचा उद्योग. ही गायिका नेहमीच्या अर्थाने गायिका नव्हे. ती घरी लॅपटॉपवर गाणी बनवते. चाली अगदी पॉप, दुसऱ्यांदा ऐकताना सहज गुणगुणता येतील अशा. पण त्यांच्या खाली वाजत असतं ते लिफ्टचं दार, मिक्सर, बाकावर घासलेली पट्टी. स्वतःचा आवाजही ती मशीनमधून काढून असा ताणते की बाई गातेय की रिव्हर्स घेणारी गाडी वाजतेय, हे कळायला दोन ओळी जाव्या लागतात.

"ओळखतोस का तिला?" संपादकाने विचारलं.

"ऐकलंय थोडंफार," मी म्हणालो.

भांडुपला आम्ही दहावीपर्यंत एकाच वर्गात होतो. गायनाच्या बाईंनी तिला समूहगीतातून काढलं होतं, कारण सगळे एक सूर धरायचे तेव्हा ती त्याच्या शेजारचा धरायची, आणि मुद्दाम धरायची. दहावीनंतर आमचा काही संबंध राहिला नव्हता. पण हे सांगितलं असतं तर काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही.

तिची चाळीसच्या वर गाणी होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तलावाच्या बाजूने चालत ती ऐकायचो. घरी कपाटाच्या दारावर पिवळे चिकट कागद लावले होते, एका कागदावर एक गाणं. रविवारी ते वरखाली करायचो. बायकोला साडी काढायची असली की ती विचारायची, "उघडू ना रे कपाट? की सातवा नंबर पडेल?"

पहिले दोन रविवार फुकट गेले. कोणतं गाणं जास्त धाडसी, कोणतं जास्त नवं, असं बघायला गेलो की सगळीच सारखी वाटायची. मग मी एकच कसोटी ठेवली: गाणं संपल्यावर ते लगेच पुन्हा लावावंसं वाटतं का? त्यावर बरीच नावाजलेली गाणी गळाली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या भोंग्यावर बांधलेलं एक गाणं सगळ्यांना आवडतं. ते माझ्याकडे दहाव्या नंबरवर आलं, कारण भोंगा कळला की त्यात दुसरं काही उरत नाही. दुसऱ्या नंबरवर तिचं सर्वात साधं प्रेमगीत आलं. त्यात एकही विचित्र आवाज नाही आणि म्हणूनच ऐकणारा शेवटपर्यंत सावध राहतो.

पहिल्या नंबरबद्दल मला कधीच शंका नव्हती. त्या गाण्यात एक वयस्कर बाई आकडे मोजते. एक, दोन, तीन, असं तीसपर्यंत. मधेच श्वास अडकतो, "आई गो" म्हणते, पुढे मोजते. ते "आई गो" कापून गायिकेने ताल केला होता. त्यावर तिची स्वतःची चाल इतकी हळू यायची की आकडे कधी संपले आणि गाणं कधी सुरू झालं, ते सांगता येत नसे. मी हे गाणं एकदा सलग पाच वेळा ऐकलं आणि ऑफिसात उशिरा पोचलो.

त्यावर मी दोन परिच्छेद लिहिले. बाजारात पाटीसमोर बसून मासे मोजणारी म्हातारी, ओझ्याने आलेला दम, कोकणातून मुंबईत आलेल्या बायकांचे कष्ट. मला ते लिहिताना छान वाटत होतं.

यादी प्रसिद्ध झाली आणि अपेक्षेपेक्षा जास्त फिरली. भोंग्याच्या गाण्यावरून लोकांनी मला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मासे नाहीत रे ते," पलीकडून आवाज आला. "आईचा गुडघा आहे."

मी ओळखलं. दहावीनंतर पहिल्यांदाच आम्ही बोलत होतो आणि तिने कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. व्यायाम शिकवायला येणारी बाई पाय उचलून तीस मोजायला लावायची. हिने ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं.

"चूक दुरुस्त करतो," मी म्हणालो.

"दुरुस्त नको करू. ते गाणंच काढ यादीतून. आईला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच. मी रेकॉर्ड केलं ते. गाणं केलं ते."

"मग तू बाहेर काढलंस कशाला?"

"तेव्हा ऐकत कोण होतं, यार? तू पहिला नंबर देऊन बसलास. मावशीच्या मुलीने काल मला लिंक पाठवली. उद्या आईला पाठवेल. वाट लागली ना माझी."

मी म्हणालो की यादीतून काढून काही होणार नाही, लिंक तर फिरतेच आहे. त्यापेक्षा तूच आईला सांग. ती म्हणाली, "तू चल. लिहिणारा तू आहेस."

यात तर्क काय होता ते मला अजून कळलेलं नाही, पण रविवारी सकाळी मी भांडुपला गेलो. त्यांच्या चाळीच्या जागी आता उंच इमारत उभी आहे आणि दोघी मायलेकी अकराव्या मजल्यावर राहतात. काकींनी मला ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं करून कांदेपोहे दिले. त्या बऱ्यापैकी चालत होत्या. आम्ही दोघं सोफ्यावर इंटरव्ह्यूला आल्यासारखे बसलो होतो.

"आई, एक गाणं ऐकवायचंय," ती म्हणाली आणि तिने लहान स्पीकर टेबलावर ठेवला.

पहिले आठ-दहा आकडे काकी नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हो माझो आवाज मां?"

"हो."

"अठरानंतर परत सतरा म्हटलंय बघ. चुकलंय मी." त्या हसल्या. मग "आई गो" चा ताल सुरू झाला. तो जवळजवळ मिनिटभर चालतो. त्यांचं हसू हळूहळू गेलं. गाणं संपल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"ह्या कधी घेतलंस तू?"

"ऑपरेशननंतर. दुसऱ्या आठवड्यात."

"मी रडत होतंय तेव्हा?"

तिने स्पीकर उचलून मांडीवर घेतला.

"मी रडत होतंय, आणि तू फोन धरून बसलंस?"

"मी शेजारीच होते, आई. तुझा पाय दुसऱ्या हाताने धरला होता."

हे खरं असावं. पण सांगितल्यावर ते आणखीच वाईट ऐकू आलं, आणि तिलाही ते कळलं असावं. काकींनी पदराने डोळे वगैरे पुसले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि तू ह्याका पयलो नंबर दिलंस? कित्याक?"

मी दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्यातलं एकही वाक्य त्यांच्यासमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. "मला वाटलं, कोणीतरी खूप कठीण काम करतंय," मी म्हणालो.

"कामच होता ता," त्या म्हणाल्या. "दीड महिनो केलंय."

मग त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांचा निर्णय झाला होता. आकडे राहू देत, लोकांनी ऐकले तरी हरकत नाही. कण्हणं काढून टाक. आपलं कण्हणं सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना वाटत नव्हतं.

लिफ्टपाशी मी तिला म्हणालो, "काढ ना तेवढं."

"त्यावरच तर उभं आहे सगळं. ते काढलं की नुसती गिनती उरते."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली. लिफ्ट आली आणि मी खाली उतरलो.

आठवड्याभरात तिने ते गाणं सगळीकडून काढून टाकलं. मला कळवलं नाही. लिंक उघडेना तेव्हा समजलं. मी संपादकाला सगळं सांगितलं, शाळेचंही. तो चिडला, पण फार नाही. दुसरं गाणं पहिल्यावर सरकवून खाली अकरावं घेऊ, असं त्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो. शेवटी पहिल्या नंबरखालचे माझे परिच्छेद काढून तिथे दोन ओळी टाकल्या: हे गाणं आता उपलब्ध नाही, आधीच्या मजकुरात गाण्यातल्या आवाजाविषयी लेखकाने लिहिलेलं चुकीचं होतं.

आता लोक त्या दोन ओळींवरून विचारतात. गाणं कुठे मिळेल, कोणाकडे आहे का. माझ्याकडे आहे, ऑफलाइन ऐकायला मी ते आधीच उतरवून घेतलं होतं. तसं मी तिला मेसेज करून सांगितलं. तिने उत्तर दिलं, "असू दे. कोणाला देऊ नको." मी दिलेलं नाही.

मध्ये एकदा तलावाजवळ चालताना मी ते ऐकलं. पाटी, बाजार, मासे, यातलं काही दिसलं नाही. पलंगावर आडवी झालेली एक बाई दिसली आणि तिचा पाय एका हाताने धरलेली मुलगी. अठरानंतरचा सतरा आला तेव्हा थोडं हसूही आलं. गाणं संपल्यावर मी ते लगेच पुन्हा लावलं, आणि पुन्हा लावल्याबद्दल मला थोडी लाज वाटली.