दिनूच्या टाकीतला गूळ

“कुनी घान केली ह्या टाकीत? बोला की आता, तोंडं शिवली का तुमची?”

दिनू ओरडत होता. माझा सख्खा चुलतभाऊ. राहुरी तालुक्यातल्या पहिल्या — आणि त्याला विचाराल तर आशिया खंडातल्या पहिल्या — गुळाच्या बिअरचा मालक. आवाज असा की देवळाली प्रवऱ्यापर्यंतच्या म्हशींनी त्या दिवशी दूध चोरलं असेल. टाकीतून सडक्या अंड्यांचा वास येत होता, कामगार नाकाला रुमाल लावून उभे होते, आणि त्या सगळ्यांत जास्त हळहळणारा, कपाळाला हात लावून “कसं झालं रं हे” म्हणणारा माणूस — मी होतो.

त्या हळहळीत खरं किती होतं? थांबा, येतो तिथं. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, उसात एक बिबट्या दिसला तर गावात सात सांगतो. पण ही तेवढी आत राहिली.

दिनूची ब्रुअरी सुरू झाली तेव्हा होतं काय? पोल्ट्रीचं रिकामं शेड आणि चकचकीत स्टीलच्या दोन टाक्या. गाव म्हणायचं, दारूची डेअरी. बघता बघता पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या, शेडशेजारी हॉल उठला, झाडांना दिव्यांच्या माळा लागल्या. आणि हे सगळं कशावर? माझ्या गुळावर. गुऱ्हाळ माझं, ऊस माझा. कढईतल्या रसाचा वास घेत दिनू माझ्याकडे बसला होता, तेव्हा “ह्याचीच कर की तुझी बिअर” म्हणणारं तोंडही माझंच.

मग हॉलचं उद्घाटन. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. पुण्याच्या पाहुण्यांपुढं दिनूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हा आमचा गुळव्या.”

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर रोजानं गूळ शिजवणारा गडी. भाऊ नाही, काही नाही — गुळव्या. वर हळूच म्हणाला, “तात्या, मागं गड्यांबरोबर जेवून घे.”

मी हसलो. मागं जाऊन मटणही चोपलं, खोटं कशाला सांगू? पण रस्सा ओरपता ओरपताच ठरवलं — ह्याला ह्याच्याच टाकीपुढं रडवायचं.

आता ज्योतीबद्दल सांगायला हवं. तिला टाळूनच इथवर आलो. ज्योती अकोले तालुक्यातली, डोंगरातली पोर. पुण्यात शिकून आलेली, दिनूची बिअर तीच बनवायची. बाजारात गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून आमच्याकडं रसात हायड्रॉसची पांढरी पावडर टाकतात. ज्योतीनं मला आधीच बजावलेलं — तात्या, आमच्या गुळात ती चिमूटभरही नको, त्यानं बिअर नासते. म्हणजे शस्त्र तिनंच हातात दिलं होतं की नाही?

पुढच्या खेपेच्या गुळात मी पावडर घातली. चिमूटभर कसली, सढळ हातानं. गूळ उजळून चोरी उघडी पडू नये म्हणून पाक करपायच्या बेतात आणला — परत काळपट. काय कसब ते! आजही त्या ढेपा आठवल्या की छाती फुगते. आणि टाकीपुढं दिनूचा लालबुंद चेहरा बघून जो गारवा पोटात उतरला, तसला त्याच्या कुठल्याच बिअरनं कधी दिला नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. उद्या पुन्हा करीन.

माझा गुन्हा तो नाहीच.

त्याच दुपारी ज्योती गुऱ्हाळावर आली, मागोमाग दिनू. कढईखालचं चुलाण पेटलेलं होतं. पेटत्या चुलाणापुढं आमच्यात कुणी खोटं बोलत नाही — भट्टी फुटते म्हणतात, घर बसतं म्हणतात. ज्योतीनं एवढंच विचारलं, “तात्या, गुळात काही घातलं होतं का?” आरोप नव्हता त्यात, नुसतं विचारणं होतं. दिनू माझ्याकडं बघत होता. मी काय करायला हवं होतं? — ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही होतं. मी चुलाणाच्या कडेवर हात ठेवला. तळवा भाजला, पण काढला नाही. म्हणालो, “काय बी न्हाई घातलं. टाकी धुताना राह्यलं आसंल काहीतरी.”

शेवटचं वाक्य कुणी मागितलं होतं का मला?

दिनूनं तिला तिथंच कामावरून घालवलं, गड्यांदेखत. “टाकी धुता येत न्हाई अन् बिअर करायला निघाली.” ती आल्या वाटेनं निघून गेली. मी चुलाणात चिपाडं सारत राहिलो.

ब्रुअरी बुडाली? छे. दुसरा माणूस आला, टाक्या वाढल्या, आता दिनूचा टेम्पो नगर-नाशिक करतो. अडचणीत मी पाठीशी उभा राहिलो म्हणून पाहुण्यांना तो आता मला “आमचे थोरले बंधू” म्हणतो, पुढच्या पंगतीत बसवतो. मी बसतो. भट्टी फुटली नाही, घरही बसलं नाही.

गेल्या वर्षी तांदूळ आणायला अकोल्याला गेलो होतो. भंडारदऱ्याच्या वाटेवर चहाला थांबलो, तर गल्ल्यावर ज्योती. भावाचं हॉटेल. तिनं लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहाचे पैसे घेईना. बिअरचं काम पुन्हा कुठं धरलं का, विचारलं. नाही म्हणाली, तो भरवसाच राहिला नाही हाताचा. तेव्हा म्हटलं — आता तरी बोलावं. तोंड उघडलं. “ज्योती, ते त्या टाकीचं —”

“राहू द्या, तात्या,” कपबशी उचलत ती म्हणाली. “माझ्याकडूनच नीट धुतली गेली नसेल.”