जयनगरचं कणीस

कणीस भाजल्याचा वास आला की मला जयनगरचा पाऊस आठवतो. नव्वदीच्या दशकात, नागपूर उन्हानं भाजत असताना, ह्यांच्या उपचारासाठी आम्ही दोघं रेल्वेनं बंगलोरला गेलो. पावसाळा लागला आणि डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, आता घरी न्या.

जयनगरच्या दवाखान्यातून निघताना ह्यांनी "स्वल्प, जरा थांबा" असं कानडी-मराठीत म्हणत रिक्षा थांबवली आणि गरम कणीस माझ्या हातात दिलं.

"सकाळपासून उपाशी आहेस. खा."

"अशा वेळी घास उतरतो का हो?"

"उतरेल. सवय कर."

किती कठोर वाटलं तेव्हा! मी रडतच खाल्लं.

दसऱ्याआधी ते गेले. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी ताट वाढलं. त्यांनी आग्रह करण्याआधीच मी जेवायला बसले.