नळ कुणाच्या दारात

आमच्या गल्लीत नळ येणार म्हणलं की माझ्या पोटात नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. हसू नका! तुम्हाला नळ म्हणजे पाणी वाटतं, मला शाळा वाटायची.

त्याचं असं झालं. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. नापास झाले म्हणून नाही हं, पहिला नंबर होता की! पण आमची वस्ती सोलापूरच्या पार कडेला, गिरणीच्याही पलीकडच्या माळावर. जुन्या पेठेत जागा मिळेना म्हणून आमच्यासारख्या विणकरांची नवीन घरं तिथं उठायला लागली होती. माळावर वारा भरपूर, ऊन भरपूर, पाणी तेवढं नाही. विहीर लांब आणि तिथली रांग त्याहून लांब. अम्मा दिवसभर कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून द्यायची. ती उठली की नायनांचा माग थांबला. (नायना म्हणजे वडील. आम्ही तेलुगू घरातली, वडलांना तसंच म्हणतो.) मग घागर कुणी घ्यायची? मीच! शाळेची घंटा व्हायची तेव्हा मी विहिरीवर बायकांच्या कोपरांतनं पुढं सरकत असायची.

लई रडले तेव्हा नायना म्हणाले, "गल्लीत नळ आला की तुझं नाव परत शाळेत. माझा शब्द."

झालं! तेव्हापासनं मी नळाच्या मागंच लागले.

म्युनिसिपालटीनं तेव्हा नवीनच टूम काढली होती. नव्या वस्तीत घर बांधायची परवानगी पाहिजे ना, मग त्याबरोबर सुधारणेची फी भरा; आणि त्याच पैशातनं त्या वस्तीला पाइप, नळ, रस्ता. ज्या गल्लीची फी पुरी, तिचं काम आधी. आमच्या गल्लीत यावरनं असा कालवा उठला म्हणून सांगू! सगळे पिंपळाखाली जमले. गल्लीतले सगळ्यात म्हातारे विणकर, त्यांना आम्ही पेद्दय्या म्हणायचो, ते काठी आपटून म्हणाले, "जुन्या पेठेतल्यांनी कवा भरली व्हती फी? आमीच का?"

"पेद्दय्या, नवीन घरं कोण बांधतंय? आपणच की," नायना म्हणाले. "त्यांच्या टाकीतलं पाणी आपण हितवर वडायचं, आन् पाइप त्यांनी घालायचा? तुमच्या नातवाच्या लग्नाचा मांडव शेजाऱ्यानं घालायचा व्हय?"

"शेजारी जेवायला येतोय की!"

सगळे हसले. पण मागनं कुणीतरी खवचटपणे विचारलं, "आन् आमचा पैसा घेऊन दुसऱ्याच गल्लीत नळ बसला तर?"

"तर माझ्या घरात येऊन पाणी मागा. मी हाय जबाबदार."

मी अम्माच्या मागनं डोकावत होते. माझे नायना! एवढ्या लोकांत! मला वाटलं, आत्ताच पाटी घेऊन पळत सुटावं.

सगळ्यांनी भरली. कुणी कुरकुरत, कुणी बायकोच्या गळ्यातली सोन्याची पुतळी मोडून, पण भरली. शेजारच्या गल्लीनं मात्र नाही भरली. "बघू तुमचं काय हुतंय," म्हणाले.

आणि खरंच खोदायला माणसं आली! मी चर बघायला जायची, पाइप बघायला जायची, पाइपात तोंड घालून ओरडायला जायची. "अगं, पाइपातनं तूच येशील एक दिवस," अम्मा म्हणायची.

मग एका दुपारी डोक्याला टोपी घातलेले ओव्हरशेर, म्हणजे म्युनिसिपालटीच्या कामावर देखरेख करणारे साहेब, आले आणि म्हणाले, "नळ एकच. कुठं बसवायचा?"

आता इथं गंमत ऐका. आमच्या घरांत माग असतो तो खड्डामाग. पुढच्या खोलीत, दाराच्या उजेडाला, जमिनीत खड्डा. त्यात पाय सोडून विणायचं. दारात नळ म्हणजे दारात चिखल, आणि चिखल म्हणजे खड्ड्यात ओल. सूत खराब, गुडघे धरलेले. म्हणून नळ सगळ्यांना हवा, पण दारात कुणालाच नको! त्यात दुसरी भीती अशी, की ज्याच्या दारात नळ तो उद्या मालक होऊन बसायचा. फी सगळ्यांनी सारखी भरलीय ना!

"ना तुज्या दारात, ना माज्या दारात," पेद्दय्या म्हणाले. "मधोमध."

"मधोमध म्हणजे? रस्त्याच्या मध्ये?" साहेबांनी विचारलं.

"व्हय! मधोमध!" अख्खी गल्ली ओरडली. मी सगळ्यात मोठ्यानं.

"अहो, गाडी आली तर?"

"हितं कुठली आली गाडी!"

साहेबांनी मान हलवली आणि गल्लीच्या बरोबर पोटात लोखंडी खांब उभा केला. पाणी सुटलं. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेद्दय्यांनी चूळ भरून "गोड हाय" असा निकाल दिला. मी आनंदानं भिजून चिंब. नायना म्हणाले, "उद्या पाजणी उरकतो, परवा शाळा."

पाजणी! बाई गं, पाजणी!

मागावर चढवायच्या आधी ताणा, म्हणजे कापडाचं उभं सूत, सगळंच्या सगळं गल्लीत लांब ताणून धरायचं, त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी कुंचे मारत पळायचं. तेही पहाटेच, ऊन चढायच्या आत. त्यासाठीच तर आम्ही या सरळ, मोकळ्या गल्लीवर जीव टाकला होता.

नायनांनी दुसऱ्या दिवशी उजाडता ताणा काढला. चौघांनी ओढत नेला, ओढत नेला, आणि थांबले. समोर खांब.

पेद्दय्या खांबाकडं असे बघत होते, जणू तो आपल्या पायानं चालत आलाय.

"ह्यो मधी कुठनं आला?" ते म्हणाले.

मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. खळ शिजून तयार, गार व्हायला लागलेली. ताणा तसाच उचलून शेजारच्या गल्लीत नेला, तर तिथले दारात उभे. "काय हो, फीवाले! तुमची गल्ली काय झाली? वाहून गेली का पाण्यानं?" पाजू दिलं त्यांनी, पण प्रत्येक कुंच्याला एक टोमणा.

त्याच दिवशी ओव्हरशेर साहेबांना बोलावलं. ते रागावले नाहीत, उलट मिशीत हसले. "हलवतो की. पण कुणाच्या दारात ते आत्ता सांगा. नाहीतर इथला काढून गल्लीच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लावतो."

मोठ्या रस्त्याला! म्हणजे परत लांब, परत दहा गल्ल्यांची रांग, परत घागर!

"आमचा खड्डा आधीच वल धरतोय," एक जण म्हणाला. "आमच्यात बाळंतीण हाय," दुसरा. "आमचं दार खाली हाय, पाणी सगळं आत," तिसरा. आणि मग सगळे माझ्या नायनांकडं बघायला लागले. "मी हाय जबाबदार" असं तेच म्हणाले होते ना! पण नायनांचा माग गेला तर खायचं काय? ते खाली बघत होते. पेद्दय्या म्हणाले, "जाऊ द्या, मोठ्या रस्त्याला लावा."

"आमच्या दारात लावा!"

हे मीच बोलले. मला कळायच्या आत तोंडातनं सुटलं. नायनांनी असं बघितलं माझ्याकडं की मी अम्माच्या पदरात घुसले.

"आन् माग कुठं न्यायचा?" नायना म्हणाले. "तुज्या डोक्यावर?"

"मागच्या खोलीत."

"तितं अम्माची चूल हाय."

आता सगळे अम्माकडं बघायला लागले. अम्मा चारचौघांत कधी बोलायची नाही. तिनं माझं डोकं पदरातनं बाहेर काढलं, नळाकडं बघितलं, घराकडं बघितलं आणि म्हणाली, "माग मागं घ्या. चूल पुढं आणते."

बायका फिदीफिदी हसल्या. "अगं, चूल रस्त्यावर? तुजं कालवण जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसंल की!"

"दिसू दे. वास आवडला तर भाकरी घेऊन या."

"आन् मागाला उजेड?" नायनांनी हळूच विचारलं.

"छताला झरोका पाडा. तुमीच म्हणला व्हता न्हवं, नळ आला की पोरीचं नाव घालतो? नळ तर आला."

नायनांनी साहेबांच्या हातातली, जागेची खूण करायची खुंटी घेतली आणि आमच्या उंबऱ्याच्या डावीकडं स्वतःच ठोकली. पेद्दय्यांनी लगेच फर्मान काढलं: ज्याच्या घागरीनं चिखल झाला त्यानंच मुरूम टाकायचा. आणि पहिली पाटी स्वतः आणून ओतली!

घर असं उलटंपालटं झालं की विचारू नका. नवा खड्डा खणला, झरोका पाडला, चूल पुढं आली. नायना झरोक्याखाली बसून पहिले काही दिवस नुसते धुसफुसले. "विहिरीत बसून विणल्यागत वाटतंय." मग एकदा वरनं ऊन बरोबर कापडावर पडलं, तर मलाच हाक मारून दाखवलं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला तर गल्लीत पेद्दय्यांची पाजणी! ताणा या टोकापासनं त्या टोकापर्यंत, मधी काही नाही, पांढरा, सरळ, ओला. एका बाजूला आमचं दार आणि नळ, दुसऱ्या बाजूला शाळेची वाट. नळावर आलेल्या बायका घागर कडेवर धरून ताण्याखालनं वाकून चालल्या होत्या, आणि पेद्दय्या ओरडत होते, "थेंब पडला तर बघा!"

मी दप्तर पोटाशी धरलं. पलीकडनं कुंचा मारत येणारे नायना थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी ताणा जरासा वर उचलला.

"वाक," ते म्हणाले. "आन् पळ आता, घंटा हुईल."